चुलीवरचा डबा

शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून गोकुळाबाई वर पाहत उभी होती आणि तिचा लेक खुशाल आड्याला सुतळी बांधत होता. त्याच्या कोपराचा धक्का लागला की छपराच्या गवतातली काजळी झडे आणि नेमकी तिच्या डोळ्यांत पडे. तरी तिनं हात सोडले नाहीत. पस्तिशीचा झाला म्हणून काय झालं, शिडीवर चढलेलं पोर ते पोरच.

"अजून किती येळ?"

"झालंच. परात आन."

"कोनती?"

"तुह्यापाशी किती हायेत, माय?"

एकच होती. लग्नात आलेली, पितळेची, वर्षातून दोनदा चिंचेनं घासून पुन्हा उतरंडीमागं ठेवायची. गोकुळाबाईनं ती काढली, पदरानं पुसली आणि लेकाच्या सांगण्याप्रमाणे चुलीच्या बाजूला जमिनीवर पालथी घातली.

"पोचा पडन इले."

"पडू दे. घर तं वाचन."

खुशालनं आलापल्लीहून आणलेला डबा सुतळीला अडकवला. जलालुद्दीन टिनवाल्याकडून त्यानं तो मुद्दाम बनवून घेतला होता. आत नदीतले गोटे भरलेले, झाकण झाळून पक्कं केलेलं. सुतळी मात्र अखंड नव्हती. मधोमध तोडून तिची दोन टोकं मेणाच्या गोळ्यानं जोडली होती. आच वरपर्यंत गेली की मेण पाघळायचं, सुतळी सुटायची, डबा धाडकन परातीवर पडायचा आणि अख्ख्या आळीला कळायचं की गोकुळाबाईच्या घरी आग लागली. ही अक्कल त्यानं आलापल्लीच्या लाकूड डेपोत, आपल्या नोकरीच्या जागी, उचलली होती. सागवानाच्या लाकडांचे डोंगर रचलेले, तिथं आगीचं भय सगळ्यांनाच. एका जुन्या मिस्त्रीनं आपल्या खोलीत असंच काही टांगून ठेवलं होतं.

"पन चुलीवरच काऊन टांगलं?" गोकुळाबाईनं विचारलं.

"आग चुलीतूनच लागते, म्हणून."

 झिंगूच्या घरची आग दोघांच्याही मनात होती. फागुनात, मोहफुलांच्या दिवसांत, पल्याडच्या टोल्यातली, त्या लहानशा वस्तीतली, सगळी माणसं पहाटेच रानात गेलेली आणि झिंगूचं घर भरदिवसा जळालं. त्याची आंधळी म्हातारी आत होती. दुसऱ्या दिवशी खुशाल ट्रकमधून उतरला तेव्हा काळे खांब अजून धुमसत होते. त्या दिवसापासून त्याचा एकच हेका सुरू झाला, माय, तू आलापल्लीला चल. आणि गोकुळाबाईचं एकच उत्तर, मी काई येत नाई.

तिची कारणं साधी होती. प्राणहितेचं पात्र घरापासून हाकेवर होतं. ढिवराच्या घरात जन्मली, ढिवराच्या घरात आली, पाण्याजवळच म्हातारी झाली. नवरा गेला तरी दिराची पोरं जाळ्यातली बारीक मासळी तिला आणून देत. ती चुलीवरच्या बांबूच्या ताटीवर पसरायची, चार दिवस धुरात सुकवायची आणि बाजारात विकायची. तिच्या हातची सुकट लोक विचारत येत. आलापल्लीच्या सरकारी क्वार्टरात ती काय करणार? लेक सकाळी भोंग्याबरोबर जाणार आणि दिवेलागणीला येणार. सूनबाई चार वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली, बाळही गेलं. दुसरं लग्न कर म्हणून सांगून सांगून गोकुळाबाईची जीभ झिजली होती.

खुशाल शिडीवरून उतरला आणि त्यानं आईला सगळं समजावून सांगितलं. चार दिवसांनी कोरड्या फडक्यानं सुतळीची काजळी पुसायची. मेण बोटानं दाबून पाहायचं. उंदीर येऊ नयेत म्हणून सुतळीला कडूनिंबाचं तेल लावायचं. पोरीला पाढे शिकवावे तसं त्यानं ते तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग शेजारच्या चंदाबाईला बोलावलं.

"हा डबा वाजला का पानी घेऊन धावजा, वहिनी."

"धावतो नं, भाऊ. त्यात काय सांगा लागते?"

"आन माय, तूबी आयक," खुशाल आईकडे वळला. "मी दर शुक्रवारी येऊन पाहीन. डबा पडला म्हंजे आग लागता लागता राह्यली, असं मी समजन. मंग तुह्यं काई चालन नाई. त्याच ट्रकमधी बसा लागन तुले."

तो रागावून बोलला नव्हता, म्हणूनच गोकुळाबाईला धास्ती वाटली. हा लेक रागावला की ती त्याला गुंडाळून टाकत असे. शांत असला की त्याच्यापुढं तिचं काही चालायचं नाही.

डबा पहिल्यांदा पडला तो दुसऱ्याच दिवशी, शनिवारी संध्याकाळी.

वैशाखातलं ऊन दिवसभर छपरावर ओतलं गेलेलं. मेण आधीच मऊ झालेलं असणार. गोकुळाबाईनं भाताला आधण ठेवलं, चुलीत दोन जाडी लाकडं सारली आणि वांगी चिरायला बसली, तोच डोक्याशेजारी वीज पडल्यासारखा आवाज झाला. तिच्या हातातलं वांगं कुठं गेलं ते तिला समजलं नाही. ती उठून उभी राहीपर्यंत आळीतली निम्मी माणसं घागरी घेऊन दारात. चंदाबाईचा दीर चैतू सगळ्यांत पुढं. त्यानं इकडं पाहिलं नाही, तिकडं पाहिलं नाही, भरली घागर चुलीवर उपडी केली. चूल विझली, भात पाण्यात पोहायला लागला, राखेचा लगदा परातीपर्यंत आला.

"आग कुठी हाय?" त्यानं नंतर विचारलं.

"आता कुठी राहीन?" गोकुळाबाई म्हणाली.

सगळे हसले. तीही हसली. चंदाबाईनं आपल्या घरचा भात आणून दिला आणि चैतूनं शिडीवर चढून मेण पुन्हा चिकटवून दिलं. परातीला पोचा पडला होता, चांगला लिंबाएवढा.

दुसऱ्यांदा डबा पडला तो मंगळवारी भरदुपारी. तेव्हाही माणसं धावून आली, पण या खेपेला घागरी अर्ध्याच भरलेल्या होत्या आणि हसलं कुणी नाही. तेंदूची पानं तोडून दमून आलेली माणसं, जरा पाठ टेकली होती त्यांनी. एक म्हातारा तर दारातूनच परत फिरला.

"काकी, हे खुशालभाऊले सांगा लागन," चंदाबाई म्हणाली. "दोनदा पडला. कवातरी खरंच आग लागन आन आमी येनार नाई."

"नको सांगू, बाई."

"काऊन?"

"तो नेईन मले."

चंदाबाई खाली वाकली. तिनं जमिनीवरची सुतळी उचलून गुंडाळली, डब्यावरची राख पुसली आणि दोन्ही वस्तू म्हातारीच्या हातात दिल्या. सांगणार नाही असं काही ती बोलली नाही, पण गोकुळाबाईला ते समजलं.

या वेळी तिनं कुणाला हाक मारली नाही. माणसं गेल्यावर स्वतःच शिडी लावली. पासष्टाव्या वर्षी, लुगड्याचा काचा मारून, मेणाचा गोळा दातात धरून ती आड्यापर्यंत चढली, सुतळी जोडली आणि डबा टांगला. खाली उतरल्यावर ती चुलीपाशीच बसली. आधी डब्याकडे पाहिलं, मग चुलीकडे. शुक्रवारला तीन दिवस होते. या तीन दिवसांत डबा पुन्हा पडला तर चंदाबाईनं तोंड शिवून घेतलं तरी आळीतलं कुणी ना कुणी बोलणारच. तेंदूपत्त्याचे दिवस, माणसं चिडलेली.

डबा पडतो तो आचेनं. आच येते ती चुलीतून. मग चूलच नाही पेटवली तर?

इतका सोपा उपाय आधी कसा सुचला नाही याचं तिलाच नवल वाटलं. तिनं धगीवर पाणी शिंपडलं, राख काठावर ओढली, लाकडं बाहेर काढून कुडापाशी रचली. ताटीवरची मासळी काढून टोपलीत भरली. मासळी काय, नदीच्या वाळूतही वाळते. थोडी कडक होते, चव उतरते, गिऱ्हाईक नाक मुरडतं, पण तीन दिवसांचाच प्रश्न होता.

बुधवारी तिनं मंगळवारी सकाळी शिजवलेली आंबील खाल्ली, उरलेली संध्याकाळी आणि त्यातूनही उरलेली गुरुवारी सकाळी. गुरुवारी दुपारी वाळलेली मोहफुलं भिजवून खाल्ली. पोटाचं तसं काही नव्हतं, उपासाची तिला सवय होती. पण घर तिला ओळखू येईना. पहाटे उठल्यावर हात आपोआप चुलीकडे जायचा आणि गार राखेत बुडायचा. फुंकणी कोपऱ्यात आडवी पडलेली. मांजरी चुलीच्या वैलावर झोपायची ती दोन वेळा येऊन, हुंगून, चंदाबाईकडे निघून गेली. नवरा गेला तेव्हाही तेराव्यापर्यंत भावकीनं शेजारी चूल पेटती ठेवली होती. घरात माणूस आहे आणि चूल नाही, असं तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी दाराशी बसल्या बसल्या तिला रडू आलं. आपण रडतोय ते कशासाठी, हे कुणाला सांगायलाही लाज वाटली असती.

सुतळी मात्र तिनं सांगितल्याप्रमाणे फडक्यानं पुसली. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतंच.

शुक्रवारी उन्हं कुडावर आली होती आणि ती मासळीची टोपली उचलून नदीकडे निघणार, एवढ्यात दार बाहेरून जोरात ढकललं गेलं. चंदाबाई, तिच्यामागं चैतू, त्याच्यामागं आळीतल्या चारपाच बाया. धावत आल्यानं सगळ्यांना धाप लागलेली. घागर कुणाच्याच हातात नव्हती.

गोकुळाबाईची नजर आधी वर गेली. डबा जागेवर होता.

"वाजला नाई," ती घाईघाईनं म्हणाली. "कोनी सांगतलं वाजला म्हणून?"

 चंदाबाईनं पुढं होऊन म्हातारीचा हात धरला, कपाळ चाचपलं, पुन्हा हात धरला.

"जित्या हा ना तुमी, काकी?"

"मले काय झालं?"

"परवा तुमच्या छपरातून धूर नाई दिसला. मी म्हनलं उपास असन. काल नाई दिसला, म्हनलं शिळंपाकं खाल्लं असन, वाळूवर लवकर गेल्या असतीन. आज सकाळपासून मी आंगनातून पाहून राह्यली. आता निघन, मंग निघन. मंग माह्यानं राहावलं नाई."

"मीबी पाह्यलं काल," चैतू म्हणाला. "पन बोललो नाई."

मागच्या बायांपैकी एकीनं तोंडाला पदर लावला होता. ती बहुधा रडायच्या तयारीनंच आली होती. आता रडावं की नाही ते तिला समजेना.

गोकुळाबाईनं त्यांना सांगितलं. सगळं, मेणापासून मोहफुलांपर्यंत. सांगताना तिला वाटलं होतं हसतील. कुणी हसलं नाही. चंदाबाई तर संतापली.

"तीन दिस! आन मी बाजूले राहतो! मले काऊन नाई सांगतलं? भाकर माह्या घरी जड झाली होती काय?"

तेवढ्यात रस्त्याकडून पळत येणाऱ्या पावलांचा आवाज आला. डेपोचा ट्रक खुशालला वळणावर सोडून पुढं गेला होता आणि वळणावरून त्याला आपल्या दारातली गर्दी दिसली होती. खांद्यावरची पिशवी त्यानं कुठं टाकली कुणास ठाऊक. बायांना बाजूला सारत तो आत घुसला. त्याचा चेहरा पाहून गोकुळाबाई पुढं झाली. झिंगूच्या घरची आग पाहून आला होता त्या दिवशीही तो असा पांढरा पडला नव्हता.

त्यानं आईकडे पाहिलं, मग वर डब्याकडे, मग पुन्हा आईकडे.

"काय झालं? पडला होता?"

"नाई पडला," गोकुळाबाई म्हणाली.

"मंग हे सारे काऊन जमले?"

सगळ्यांनी चंदाबाईकडे पाहिलं. तिनं मंगळवारचं काही सांगितलं नाही. शनिवारचंही नाही.

"चूल पेटली नाई, भाऊ," ती म्हणाली. "तुमच्या डब्याले आच लागू नये म्हणून काकीनं तीन दिस चूल नाई पेटवली. धूर नाई दिसला म्हणून आमी धावलो."

खुशाल डब्याखाली गेला. त्यानं हात वर करून सुतळी बोटांत धरली. तेलाची, स्वच्छ सुतळी. बोटाला काजळी लागली नाही. मग तो खाली बसला आणि हात चुलीत घातला, पार तळापर्यंत, आणि तसाच बसून राहिला. गार राख मुठीत येत होती आणि बोटांतून गळत होती. बाया एकेक करून बाहेर पडल्या. चैतू त्याची पिशवी शोधायला रस्त्याकडे गेला.

थोड्या वेळानं चंदाबाई खापरीत इंगळ घेऊन आली. एकमेकींकडून विस्तव नेणं हे रोजचंच, पण आज तिनं तो दारात न देता स्वतः आत येऊन चुलीत ठेवला, वर गोवरीचा तुकडा मोडून घातला आणि फुंकणी खुशालच्या हातात दिली.

"फुका," ती म्हणाली आणि गेली.

त्यानं फुंकलं. तिसऱ्या फुंकरीला जाळ धरला. डोळ्यांत धूर गेला म्हणून त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि बराच वेळ पुसत राहिला. गोकुळाबाईनं तिकडं पाहिलं नाही. तिनं तांदूळ धुतले, ताटीवर मासळी पसरली आणि मांजरी आली का ते पाहिलं.

जेवण झालं. मग खुशालनं शिडी लावली. डबा खाली घेतला, सुतळी सोडली आणि घराच्या दुसऱ्या टोकाला, आईच्या खाटेपाशी, जिथं रात्री चिमणी ठेवायची जागा होती, तिथं आड्याला नव्यानं बांधली. चुलीची आच तिथं पोचत नव्हती. त्यानं हातानं दोनतीनदा अंदाज घेऊन पाहिला. परातही तिकडं सरकवली.

"इथी राहू दे," तो म्हणाला. "चिमनी कलंडली तं कामी येईन."

"आन चुलीचं?"

"चुलीचं चंदावहिनी पाहते नं."

"मंग मी ट्रकमधी नाई बसत?"

"नको बसू."

गोकुळाबाईच्या अंगातलं आठ दिवसांचं ओझं उतरलं. तिनं सुस्कारा सोडला आणि तिथंच थांबली असती तर बरं झालं असतं, पण लेक शिडी उतरून हात पुसत होता, त्याच्या शर्टाच्या दोन गुंड्या तुटलेल्या होत्या, मान बारीक झालेली होती, आणि तिला एकदम एक गोष्ट विचारावीशी वाटली.

"तुह्या क्वार्टरात चूल हाय?"

"इष्टो हाय. राकेलचा."

"त्याचा धूर बाहीर दिसते?"

"इष्टोले कुठला धूर?"

"मंग तू कवा पेटवला, कवा नाई पेटवला, कोनाले समजते?"

खुशाल हसला. शिडी उचलून त्यानं कुडाला टेकवली, ती सरळ होती तरी पुन्हा सरळ केली.

"भिंतीले भिंत लागून हाय, माय. बाजूले मानसं राहतेत."

"नाव काय त्याहीचं?"

 दूर वळणावर परतणाऱ्या ट्रकचा भोंगा वाजला, एकदा आणि थोड्या वेळानं पुन्हा. खुशालनं चैतूनं आणून ठेवलेली पिशवी उचलली आणि तिचे बंद बांधायला घेतले.

चार वर्षं तो तिथं एकटा राहत होता. आणि झिंगूच्या घरच्या आगीपासून तो तिला सांगत होता की तू एकटी राहतेस म्हणून मला झोप येत नाही. गोकुळाबाईला स्वतःचा राग आला. तिनं शिंक्यातून जुनी, धुरावर चांगली मुरलेली सुकट काढली. ही तिनं बाजाराला नेली नव्हती, घरासाठी ठेवली होती. पळसाच्या पानात तिनं एक पुडी बांधली. मग राहिलेली सगळी दुसऱ्या पानात ओतली, ती पहिलीपेक्षा मोठी झाली, आणि दोन्ही त्याच्या हातात दिल्या.

"दोन काऊन?"

"लहान तुही. मोठी बाजूच्या घरी दे."

"असं कसं जाऊ मी, माय? मी त्याहीच्या घरी कवा गेलो नाई."

"मायनं पाठवली म्हणून सांग. आन नाव इचार." तिनं पिशवीचा सुटलेला बंद त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः बांधला. "पुढच्या शुक्रवारी आला का मले सांगजो."

तिसऱ्यांदा भोंगा वाजला. खुशाल दोन्ही पुड्या छातीशी धरून वळणाकडे निघाला. थोडं पुढं जाऊन त्यानं मोठी पुडी वास येऊ नये म्हणून गमछ्यात गुंडाळली आणि ती वेगळी, उजव्या हातात धरली.